डब्याची पारख

लोकर कातरून झाली, धुऊन झाली, रंगवूनही झाली. अंगणातल्या दोऱ्यांवर लाल, निळ्या, हिरव्या लडी वाळत होत्या, कोरडा वारा त्यांना झोंबत होता, आणि घरातला गालिच्यांचा उभा माग मात्र रिकामा होता. लग्न होऊन आल्यापासून धाकटीने हा माग कधी रिकामा पाहिला नव्हता. ताणा काढलेला माग म्हणजे नुसती दोन खांबांची चौकट. येता-जाता तिकडे नजर जायची आणि कोणीतरी घरातून उठून गेल्यासारखं वाटायचं.

कारण एवढंच, की शहरातला शेठ सुधारला होता. शेठ सुधारला की त्याचा पहिला फटका कारागिराला बसतो. धाकटीचा नवरा नव्या नक्षीचा कागद काखेत घेऊन शहरात गेला होता, तो तसाच काखेत घेऊन परत आला.

“काय म्हणाले?” धाकटीने विचारलं.

“नक्षी छान आहे म्हणाले.”

“मग?”

“कागदावर आहे म्हणाले.”

“कागदावर नाही तर काय भिंतीवर काढायची?”

“फाइल पाहिजे. कॉम्प्युटरवरची. गिऱ्हाईक लांबचं असतं, ते आधी पडद्यावर बघतं आणि मग हो म्हणतं. बाजाराच्या दिवसापर्यंत पाठवा, नाहीतर काम नदीपलीकडच्या विणकराला जाईल.” त्याने गुंडाळी कोपऱ्यात उभी केली. “कारकून हसला. म्हणाला, तुमच्याकडे अजून शिसपेन्सिल मिळते वाटतं?”

सांगताना तो स्वतः हसला नाही. हात धुवायला बसला. निळ्या रंगात बुडून बुडून त्याच्या नखांच्या कडा कायमच्या निळ्या झाल्या होत्या, पण आज तो त्या घासत बसला.

“येताना मुकादमाला भेटलो,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “रस्त्याच्या कामाला माणसं लागतायत. टेम्पो बाजाराच्याच दिवशी निघणार आहे.”

धाकटीने तांब्या खाली ठेवला. रस्त्याचं काम म्हणजे काय, ते त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात थोरली जाऊ राहत होती. तिचा नवरा असाच एका मोसमापुरता म्हणून टेम्पोत चढला होता. त्यानंतर मोसम बरेच झाले. तो अधूनमधून यायचा, पाहुण्यासारखा बसायचा, पाठीला तेल लावून घ्यायचा आणि जायचा. त्याचा माग थोरलीने केव्हाच जळणाला काढला होता.

“कुठं जायचं नाही,” धाकटी म्हणाली. “आपल्याकडे कॉम्प्युटर आहे.”

“तो?” नवरा म्हणाला.

त्या एका अक्षरात कॉम्प्युटरचं सगळं चरित्र होतं. गावाबाहेरची सूतगिरणी बंद पडली, तेव्हा कचेरीतलं सामान ज्याला पाहिजे त्याने उचलून न्यावं, असं सांगण्यात आलं होतं. चलाख लोकांनी पंखे नेले, त्याहून चलाख लोकांनी पाण्याची टाकी नेली. धाकटीचा नवरा सगळ्यांत शेवटी पोचला, त्यामुळे त्याच्या वाट्याला कॉम्प्युटर आला. तेव्हापासून तो खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली होता, आणि एक कोंबडी सोडली तर त्याचा कोणाला उपयोग झाला नव्हता.

धाकटीने कोंबडीला उठवलं, चादर झटकली, पंख आणि भुस्सा काढला आणि बटण दाबलं. डबा घरघरला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तिने चुलीवर भात चढवला, भात झाला, उतरवला; गोल फिरतच होता. शेवटी पडद्यावर पाटी आली, की ही व्यवस्था आता फार जुनी झाली असून यापुढे तिची जबाबदारी कोणी घेत नाही.

“एवढा वेळ लावून हे सांगितलं?” दारातून सासरे म्हणाले. “हे मला तर रोज सकाळी उठल्या उठल्या कोणीतरी सांगतं.”

सासरे हयातभर मेंढ्यांचे व्यापारी. आता पाय चालत नव्हते, तोंड चालत होतं. जनावराच्या पाठीवर हात फिरवून त्याची आई कशाने मेली ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवलेली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने डबा गोधडीत बांधला आणि मांडीवर घेऊन बसने शहरात नेला. कंडक्टरने विचारलं, “पेशंट आहे का?” ती म्हणाली, “हो.”

दुरुस्तीच्या दुकानातल्या मेकॅनिकने तिला बाकावर बसवलं. तिच्यानंतर आलेल्या दोघांचे फोन बघितले, तिसऱ्याशी क्रिकेटवर बोलला, मग गोधडीची गाठ एका बोटाने सोडली आणि तेच बोट पँटला पुसलं.

“काकू, हे कुठून खणून काढलं?”

काकू म्हणण्याइतका तो लहान नव्हता आणि ती मोठी नव्हती. “चालू होतो,” ती म्हणाली. “फक्त हळू आहे.”

“हळू नाही काकू, संपलाय. नवीन घ्या. हा काय, कोंबड्या ठेवायच्या कामाचा आहे.”

दुकानातले दोघं हसले. कोंबडीचं याला कसं कळलं, असं क्षणभर धाकटीला वाटलं. मग डब्याच्या जाळीत अडकलेलं पांढरं पीस तिला दिसलं. तिने ते काढून पदराच्या टोकात बांधलं, गोधडी पुन्हा आवळली आणि म्हणाली, “नवीन घ्यायचा असता तर बघायला तुम्ही कशाला लागला असता?”

हसणारे दोघं आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसले. त्यातून डबा काही सुधारला नाही, पण परतीच्या प्रवासात तो थोडा हलका लागला.

बस थांबली तिथूनच तिने नणंदेला फोन लावला. नणंद दूरच्या शहरात एका दवाखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर होती.

“वहिनी, डबा फेकू नकोस,” नणंद म्हणाली. “डबा म्हातारा झालेला नाही. त्याच्या डोक्यावर जे बसवलंय ते जड झालंय. ते काढून हलकं काहीतरी बसवू. लिनक्स म्हणतात त्याला. फुकट असतं.”

“फुकट?”

“फुकट. आणि त्यात पुष्कळ जाती असतात. मी तीन आणते, तुम्ही बघा, हाताला बसेल ती ठेवा.”

सुट्टीच्या दिवशी नणंद आली. पिशवीतून तिने एकसारखे दिसणारे तीन काळे पेनड्राइव्ह काढले. धाकटीने ते बघितले, उठून अंगणात गेली आणि दोरीवरच्या लडींतून तीन धागे तोडून आणले. एकाला लाल बांधला, एकाला निळा, एकाला हिरवा. “आता ओळखू येतील,” ती म्हणाली. त्या घरात जगातली कुठलीही गोष्ट रंगावरून ओळखली जायची.

सासऱ्यांनी आपली खुर्ची आत आणवली. “हे कोण विकतं?”

“कोणी विकत नाही, बाबा. जगभरची माणसं मिळून करतात, आणि ज्याला पाहिजे त्याला देतात. आत कसं बनवलंय तेसुद्धा उघडं ठेवतात. कोणीही बघावं, दुरुस्त करावं.”

“आतडी उघडी ठेवून विकतात?”

“विकत नाहीत म्हटलं ना.”

“मग खोड असणार,” सासरे म्हणाले. “फुकट मेंढी मी दोनदा घेतली. दोन्ही वेळा कळप खाजवत बसला.”

“म्हणून तर आधी वापरून बघता येतं,” नणंद म्हणाली. “हा पेनड्राइव्ह लावायचा, डबा चालू करायचा, की ते पेनड्राइव्हवरूनच चालतं. डब्यात काही घालायचं नाही, काढायचं नाही. पटलं तर कायमचं बसवायचं, नाही पटलं तर काढून घ्यायचं.”

सासरे खुर्चीत पुढे सरकले. एवढा वेळ त्यांनी लेकीचं बोलणं नुसतं ऐकून घेतलं होतं, आता त्यात त्यांना अर्थ दिसला. “म्हणजे जनावर दारात ठेवून घ्यायचं. खुंट्याला बांधायचं नाही.”

“तसंच समजा.”

“हे ज्याने काढलं तो व्यापारी माणूस आहे,” सासरे म्हणाले. हजारो अनोळखी माणसांना एकदम दिलेलं ते मानाचं प्रमाणपत्र होतं.

पहिल्यांदा लाल लावला. पडदा उजळला. काय ते रंग, काय ती चित्रं! खिडक्या अशा सरकत उघडायच्या, की जणू कोणी श्रीमंत बाई पदर सावरत जिना उतरते आहे. फक्त ती बाई खाली येईपर्यंत माणूस म्हातारा होत होता. धाकटीने शाळेत शिकलेला तक्त्याचा, चौकोन-चौकोनांचा प्रोग्राम उघडायला सांगितला, डबा धापा टाकायला लागला, आतला पंखा मागावरच्या ठोकणीसारखा वाजायला लागला.

“देखणं आहे,” सासरे म्हणाले. “श्रीमंताच्या दारात शोभेल. आपल्या चाऱ्यावर जगायचं नाही. पुढचं.”

“बाबा, नव्या डब्यावर हेच पळतं,” नणंद म्हणाली.

“मी त्याला वाईट म्हटलंच नाही. आपली ऐपत नाही म्हटलं.”

निळा लावला. हा लागायच्या आत चालू झाला. बोट लावलं की उघडायचं, उचललं की मिटायचं. पण त्यातलं काही ओळखीच्या जागी नव्हतं. धाकटीने शाळेत शिकताना जे डावीकडे पाहिलं होतं ते कुठेच नव्हतं, आणि जे कुठेच नव्हतं ते पडद्यावर ओळीने मांडलं होतं. एकदा तर तिने उघडलेली खिडकी अशी नाहीशी झाली, की नणंदेलाही ती परत आणायला खटपट करावी लागली.

“चपळ आहे,” सासरे म्हणाले. “पण हाताला येत नाही. धनगराला चालेल, नवख्याला नाही.”

मग हिरवा. हा लालइतका सुंदर नव्हता आणि निळ्याइतका उतावळा नव्हता. खाली एक पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला एक बटण, बटण दाबलं की सगळं सामान नावानिशी. नणंदेने भाषा मराठी केली. आता अक्षरं वाचता येत होती, फक्त कळत नव्हती.

“‘संचिका’,” नवऱ्याने वाचलं. तो इतका वेळ दाराला टेकून उभा होता. “असं कोण बोलतं?”

“कोणी बोलत नाही, दादा. लिहितात फक्त.”

“तुम्ही बसा बघू इथं,” धाकटी त्याला म्हणाली.

“मी? मला कशाला? मला यातलं काही येत नाही.”

“म्हणूनच बसा. मला शाळेत शिकवलंय, मी कशातही चाचपडत वाट काढीन. तुम्हाला जमलं तर ते खरं.”

नवरा बसला. निळ्या कडांची ती जाड बोटं माऊसवर त्याने अशी ठेवली, जणू हाताखाली अंडं आहे. बाण पडद्यावर भरकटला, छपराला लागला, कोपऱ्यात जाऊन दडला, परत आला. त्याने खालच्या डाव्या बटणावर बाण नेला आणि दाबला. यादी उघडली. हिंडत हिंडत त्याने चौकटींच्या चित्राचा प्रोग्राम शोधला आणि तो उघडला. पडदाभर रिकामे चौकोन आले.

“हे कसं कळलं तुम्हाला?” धाकटीने विचारलं.

“कळलं नाही. इथंच असेल म्हणून दाबलं, तर होतंच.” तो चौकोनांकडे बघत राहिला. “अगं, ही तर माझी गाठ आहे. एक चौकोन, एक गाठ. यात रंग भरता येतो का?”

नणंदेने दाखवलं. त्याने एक चौकोन लाल केला. शेजारचा निळा केला. मग पुन्हा लाल. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, पण खांदे खाली आले. मागावर पहिली ओळ सरळ बसली की येत तसे.

धाकटीने सासऱ्यांकडे बघितलं. “मामंजी, हिरवी ठेवू या?”

“ठेवा. पण बांधायची घाई नको. बाजारात उभं असलेलं कुठलंही जनावर शहाण्यासारखं वागतं. चार दिवस कामाला जुंपा, थकवा, मग बघू. मी सांगेपर्यंत कायमचं काही बसवायचं नाही.”

त्या घरात दुभती शेळी काय, मिक्सर काय, खुद्द धाकटी काय, म्हाताऱ्याने पारखल्याशिवाय काही आत आलेलं नव्हतं. नणंदेने डोळे वर केले. बस थांब्यावर येईपर्यंत ती वहिनीला सूचना देत होती.

“बाबा हो म्हणाले की लगेच बसवून टाक. पडद्यावरच ‘बसवा’ असं चित्र आहे, ते विचारील तसं करत जा. बसवेपर्यंत ते नुसतं पाहुणं आहे, लक्षात ठेव. त्याच्याजवळ ठेवलेलं काही—”

बस आली, आणि आमच्याकडच्या सगळ्या बसेससारखी ती थांबल्यासारखं करून निघाली. नणंद धावत चढली. राहिलेलं वाक्य तिच्याबरोबर गेलं.

मग काम सुरू झालं. सकाळी शेळीचं दूध काढून झालं की दोघं बसायची. नवरा कागदावरच्या नक्षीवर बोट ठेवून सांगायचा, “लाल, लाल, लाल, काळा, परत लाल,” आणि धाकटी चौकोन भरायची. मध्ये फूल होतं, फुलाभोवती वेल, वेलीबाहेर काठ. मागावर दोघांचे हात एका लयीत चालायचे, तीच लय इथे आली. प्रत्येक ओळ संपली की धाकटी ‘जतन करा’ दाबायची. शाळेतल्या बाईंनी तेवढं एक मार देऊन शिकवलं होतं.

पाठ भरून यायची. पडद्याकडे बघून डोळ्यांत वाळू जायची, आणि खरी वाळू वाऱ्याने दारातून यायची ती वेगळी. थोरली भिंतीवरून डोकवायची.

“काय गं, गालिचा विणायचा सोडून सिनेमा बघताय का दोघं?”

“या ना बाई, तुम्ही पण बघा.”

“नको. आमच्याकडचा सिनेमा रस्त्यावर गेलाय.” एवढं बोलून ती भिंतीआड व्हायची, आणि मग बराच वेळ तिकडे भांडी जरा जास्त जोरात वाजायची.

डबा बंद कोणी करतच नव्हतं. पडदा आपोआप काळा व्हायचा, माऊस हलवला की उजळायचा. फूल पुरं झालं. वेल पुरी झाली. बाजाराचा दिवस तोंडावर आला, तोवर काठाचं वळणही लागलं होतं.

त्या संध्याकाळी धाकटी चुलीपाशी होती आणि नवरा शेळीला ओढ्यावर पाणी पाजायला गेला होता. सासरे काठी टेकत आत आले. खोलीत कोणी नव्हतं. पडदा काळा होता, पण डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत होता, आणि आतून घरघर येत होती. त्यांनी डब्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तापली होती.

हयातभरात त्यांनी जनावराला उपाशी ठेवलं होतं, मारलं होतं, त्याचं वय चोरून ते विकलं होतं. पण दिवसभर राबलेल्या जनावराला संध्याकाळी सोडलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. हे बिचारं त्या दिवसापासून उभंच होतं. आजकालच्या पोरांना एवढी साधी गोष्ट कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी भिंतीवरचं बटण खाली केलं. घरघर थांबली.

“नीज बाबा,” ते म्हणाले.

सकाळी धाकटीने डबा चालू केला. हिरवी मुकाट्याने उठली. तीच पट्टी, तेच बटण. फक्त सगळं पुन्हा कोरं करकरीत होतं, भाषासुद्धा परकी झाली होती. नक्षीची फाइल जिथे होती, तिथे नव्हती. जिथे नव्हती, तिथेही नव्हती.

तिने नणंदेला फोन लावला. नणंद ऐकत गेली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, कोणी बंद केला होता का?”

“मी केला,” सासरे खुर्चीतून म्हणाले. “दमला होता.”

“ते पाहुणं होतं, वहिनी,” नणंद म्हणाली. “बसवेपर्यंत डब्यात त्याचं स्वतःचं काही नसतं. सगळं तोंडपाठ ठेवतं. बंद केलं की विसरतं. त्या दिवशी तेच सांगत होते, तर बस आली.”

नवऱ्याने सगळं ऐकलं. उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि तीत शर्ट घालायला लागला. शर्टाची घडी मोडत होती, तो परत घालत होता, ती परत मोडत होती.

सासरे भिंतीवरच्या बटणाकडे बघत बसले होते. त्यांचा खालचा ओठ लोंबला होता. आपल्या पारखीत खोट निघाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे निघाली असेल, आठवत नव्हती.

धाकटीला ओरडायचं होतं. पण ओरडून झाल्यावर नक्षी परत भरावीच लागणार होती, आणि दिवस तेवढा लहान झाला असता. तिने पदर खोचला आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“मामंजी, एक विचारू?”

“विचार.”

“जनावर कसं आहे?”

सासऱ्यांनी मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघून टोमणा आहे का ते शोधलं. नव्हता. “चांगलं आहे,” ते म्हणाले. आवाज बसला होता. “कामाला खरं आहे. चूक त्याची नाही.”

“मग बांधू का?”

“बांध.”

तिने ‘बसवा’चं चित्र दाबलं. हिरवी एकेक विचारत गेली. भाषा कोणती? घड्याळ कुठलं? नाव काय ठेवायचं? एका जागी मात्र तिने सरळ सांगितलं, की डब्यात आधीचं जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल, ते परत येणार नाही, विचार करा.

धाकटीचं बोट थांबलं. डब्यात काय होतं? सूतगिरणीचे हिशेब, जे जिवंतपणीही कोणाला जुळले नव्हते. आणि तो फिरणारा गोल. तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

“पूस,” सासरे म्हणाले.

तिने दाबलं. पट्टी सरकायला लागली. ती सरकत होती तोवर धाकटी नवऱ्याजवळ गेली, त्याच्या हातातला शर्ट घेतला, नीट घडी करून दिली. “जायचं तर जा,” ती म्हणाली. “टेम्पो उद्या आहे. आजचा दिवस माझा. बसा.”

“एका दिवसात होणार आहे का ते?”

“पहिल्या वेळेला आपण शिकत होतो. आता येतं.”

नवरा पिशवी धरून उभा राहिला. मग ती खाली ठेवून तो बसला.

आता डबा पेनड्राइव्हशिवाय उठला. धाकटीने एक चौकोन लाल केला, जतन केला आणि सगळ्यांसमोर डबा बंद केला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. परत चालू केला. चौकोन लालच होता.

“हं,” सासरे म्हणाले, आणि खुर्ची उचलायला सांगून भिंतीवरच्या बटणाखाली नेऊन ठेवायला लावली. काठी मांडीवर आडवी घेऊन ते तिथे बसले. त्या दिवशी त्या बटणाजवळून माशीसुद्धा गेली नाही. थोरली मीठ मागायला आली, तर तिलाही त्यांनी दारातच थांबवलं.

“काय चाललंय?” तिने विचारलं.

“तुझ्या दिराला रस्त्यावर जाऊ द्यायचं नाही, ते चाललंय,” सासरे म्हणाले.

थोरली उभी राहिली. मीठ घेतलं नाही. आपल्या घरी गेली, भाकऱ्या थापून आणल्या, दारात ठेवल्या आणि धाकटीला म्हणाली, “चुलीकडे उठू नकोस. तुझ्या शेळीचं मी बघते.”

दोघं आळीपाळीने भरत होती. ती थकली की तो बसायचा. त्याची बोटं सकाळी अडखळत होती, दुपारी त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. फुलाचा उजवा अर्धा डाव्याची उलटी नक्कल होता. धाकटीने अर्धं फूल उचलून पलीकडे उलटं कसं ठेवायचं ते धडपडून शोधलं, एकदा बिघडवलं, परत आणलं, आणि मग जमलं. नवरा पुढे वाकला. “मागावर असं जमलं असतं तर मी झोपलो असतो,” तो म्हणाला. दिवेलागणीला वेल संपली.

बाजाराच्या दिवशी सकाळी काठाच्या शेवटच्या ओळी राहिल्या होत्या. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मुकादम दारात आला.

“चला, सगळे बसलेत.”

नवरा माऊस धरून बसला होता. त्याने मान वळवली नाही. “लाल, लाल, काळा,” तो पुटपुटला. मग म्हणाला, “मुकादम, जरा थांबता का?”

धाकटीने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मुकादम म्हणाला, “किती वेळ?”

नवऱ्याने ती ओळ पुरी केली आणि ‘जतन करा’ दाबलं. “नाही, थांबू नका,” तो म्हणाला. “तुम्हाला उशीर होईल.”

टेम्पो गेला. धूळ आत आली, पडद्यावर बसली. धाकटीने ती पदराने पुसली आणि काठ पुरा केला. मग तिने फोनचं इंटरनेट डब्याला जोडलं आणि फाइल शेठच्या कचेरीत पाठवली. ती गेली का, हे बघायला तिघं पडद्याकडे तोंड करून बसले.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर कारकुनाचा फोन आला. नवऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“नक्षी मिळाली,” कारकून म्हणाला. “शेठना पसंत आहे. काम तुमचंच. गिऱ्हाइकालाही दाखवली, त्याचं एकच म्हणणं आहे. काठ लाल नको, निळा करा. आता सगळा काठ बदलायचा म्हणजे तुम्हाला वेळ लागणार, कल्पना आहे. पण आजच जमेल का? नाही म्हणजे, रागावू नका.”

कारकुनाच्या तोंडून ‘रागावू नका’ त्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

“बघतो,” नवरा म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकटीने काठातले लाल चौकोन निवडले, रंगांची पेटी उघडली आणि निळा दाबला. पापणी लवायच्या आत सगळा काठ निळा झाला. कागदावर हेच करायला त्याला नवा कागद घेऊन पहिल्यापासून बसावं लागलं असतं. नवऱ्याने पाठवायच्या बटणावर बाण नेला.

“थांब!” सासरे भिंतीकडून म्हणाले.

“आता काय, बाबा?”

“लगेच पाठवतोस? उद्या शेठ म्हणेल, यांना यात काही कष्टच नाहीत, आणि दर पाडेल. बाजारात पहिल्या बोलीला हो म्हणणाऱ्याला मी कधी माणसात धरलं नाही.” त्यांनी काठी खाली टेकली. “ऊन त्या भिंतीवरून उतरलं की पाठव. आणि फोन आला तर दमल्यासारखा बोल.”

नवऱ्याने धाकटीकडे बघितलं. तिने मान डोलावली. तो उठला, बोटं मोडली आणि मागाकडे गेला. खांबांमधून सुताचा पहिला फेरा वर गेला, खाली आला, परत वर गेला. धाकटी दुसरं टोक धरायला समोर बसली, आणि दोघं ताणा चढवत, मध्ये मध्ये दाराबाहेरच्या भिंतीवरचं ऊन बघत राहिली.